बाण, तोफ आणि ब्रह्मोस : असईच्या शिवारातून

पेशवाईतील पत्रे आणि बखरी शिकवताना 'बाण' हा शब्द दरवर्षी आमच्या विद्यार्थ्यांना चकवतो. मराठी फौजेपाशी तोफा, जंबुरे आणि बाण होते, असे वाक्य आले की त्यांच्या डोळ्यांपुढे धनुष्य उभे राहते. मग सांगावे लागते की अठराव्या शतकातील हा बाण म्हणजे दारूने भरलेल्या नळीचा, काठीला बांधलेला, पेटवून शत्रूवर सोडायचा अग्निबाण. आजच्या भाषेत रॉकेट.

दोन वर्षांपूर्वी याच तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ब्रह्मोस म्हणजे ब्रह्मास्त्रच ना?" वर्गाने माना डोलावल्या. आम्ही उत्तर दिले ते असे, की नाही. ब्रह्मपुत्रा आणि मस्क्वा या दोन नद्यांच्या नावांतील आरंभीची अक्षरे जोडून ते नाव झाले आहे. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. आकाशातून जाणारे एक यंत्र दोन नद्यांची नावे का घेते, ते कोणी घडवले, त्यात आपले किती आणि परके किती, हे प्रश्न त्यानंतर आम्हालाच सतावू लागले. प्रस्तुत लेख हा त्या तासाचे राहिलेले काम आहे. आम्ही अभियंते नाही. साहित्य शिकवणारी माणसे आहोत. परंतु शस्त्राचा इतिहास हा शब्दांचा आणि माणसांचाही इतिहास असतो, एवढ्या आधारावर हे धाडस करीत आहोत.

१. केळना आणि जुई

जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे जी लढाई झाली, तिने दख्खनचे भवितव्य पुष्कळसे ठरवले. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे), दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. आपण आयुष्यात केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती, याचे उत्तर देताना त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

लढाईच्या दोन दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोघांनी दोन वाटा धरल्या. २३ तारखेला वेलस्लीला अकस्मात कळले की मराठी फौज वाटले होते त्याहून फार जवळ, केळनेच्या पलीकडे उभी आहे. वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. जेथे गावे अशी समोरासमोर असतात तेथे माणसांची ये-जा असते, आणि जेथे ये-जा असते तेथे उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले. उतार होता. आमच्या जिल्ह्यातल्या दोन गावांचा शेजारधर्म एका परक्या सेनापतीला नकाशासारखा वाचता आला.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शिंद्यांचा तोफखाना. महादजी शिंदे यांनी १७८४ नंतर सव्हॉयच्या बेन्वा द ब्वान्य याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. असईच्या मैदानात अशा शंभराच्या आसपास तोफा होत्या. वेलस्लीजवळ जेमतेम सतरा. या तोफा तकलादू नव्हत्या आणि त्या चालवणारे अडाणी नव्हते, याची साक्ष इंग्रजांचेच आकडे देतात. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. जी फौज प्रत्यक्ष लढली तिच्या सुमारे एक तृतीयांश माणसांची ही हानी होती. शिंद्यांचे पायदळ टिपूच्या पायदळाहून सरस होते, असे मत वेलस्लीने पत्रांतून नोंदवले आहे.

मग हरलो का? कारणे अनेक आहेत, आणि एकाच कारणाला इतिहास लटकवणे बरे नव्हे. पण एक कारण ठळक आहे. कवायती फौजेचे वरचे अधिकारी परके आणि करारावर नेमलेले होते. लढाई तोंडावर आली तेव्हा गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले आणि त्याबद्दल निवृत्तिवेतन देऊ केले. पुष्कळजण निघून गेले. द ब्वान्यचा वारसदार पेराँ यानेही त्याच सप्टेंबरात शिंद्यांची चाकरी सोडली. असईच्या रणात पायदळाचे नेतृत्व करणारा हॅनोव्हरचा पोलमन पुढे कंपनीच्याच सेवेत गेला.

याच लढाईतील दुसरे एक दृश्य मात्र विसरता येत नाही. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि रांग पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा वळवून पाठीमागून मारा सुरू केला. त्या गोलंदाजांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. ज्यांची नावे ठाऊक आहेत ते बहुतेक गेले, आणि ज्यांची ठाऊक नाहीत ते तोफेपाशी राहिले. तोफ येथे ओतली गेली होती; ती चालवण्याचे कसब येथे रुजले होते; पण ती कोणती ओतायची, कशी सुधारायची आणि कोणाच्या आज्ञेने हलवायची, ही वरची विद्या उसनवार होती.

२. बाणाची उलटी वाट

वेलस्लीने १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत म्हैसूरचे बाण सोसले होते. हैदर आणि टिपूच्या या बाणांची नळी लोखंडाची असे. त्यामुळे दारू अधिक दाबाने जळे आणि बाण लांब जाई. टिपूच्या पाडावानंतर असे बाण इंग्लंडला वुलिचच्या शस्त्रागारात पोचले, विल्यम काँग्रिव्हने त्यांवर प्रयोग केले, आणि १८०६ साली बुलोन्यवर व १८०७ साली कोपनहेगनवर काँग्रिव्हचे बाण कोसळले.

म्हणजे त्याच चार-दोन वर्षांत दोन प्रवास झाले. युरोपची तोफविद्या भाडोत्री माणसांच्या डोक्यात बसून हिंदुस्थानात आली आणि त्यांच्याबरोबर निघून गेली. हिंदुस्थानची बाणविद्या वस्तूच्या रूपाने युरोपात गेली, तेथे तिचे मोजमाप झाले, प्रयोग झाले, कागद झाले, आणि ती तेथलीच होऊन राहिली. वस्तू हाती येणे आणि विद्या हाती येणे यांतील हे अंतर आहे. ब्रह्मोसची कथा आम्ही वाचतो ती या अंतराच्या संदर्भात.

३. दोन नद्यांचा करार

ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली १९८३ साली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला. पृथ्वी आणि अग्नी त्यातूनच आली. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेची टॉमहॉक क्षेपणास्त्रे जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि क्रूझ जातीच्या अस्त्राची गरज आपल्याकडे तीव्रतेने जाणवली. तिकडे सोव्हिएत संघ कोसळला होता. मॉस्कोजवळच्या रेउतोव्ह येथील चेलोमेय यांनी उभारलेल्या संस्थेकडे ओनिक्स या स्वनातीत क्षेपणास्त्राचे संकल्पन होते, पण ते पुढे नेण्यास पैसा अपुरा होता. एकाला विद्या हवी होती, दुसऱ्याला गिऱ्हाईक आणि भागीदार.

१२ फेब्रुवारी १९९८ रोजी मॉस्कोत करार झाला. भारतातर्फे कलाम आणि रशियातर्फे उपसंरक्षणमंत्री मिखाइलोव्ह यांनी त्यावर सह्या केल्या. नव्या कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के आणि रशियाचा ४९.५ टक्के. हा अर्ध्या टक्क्याचा तोल बोलका आहे. महादजींच्या काळी विद्येचा मालक पगारी नोकर म्हणून येत असे. येथे तो भागीदार म्हणून आला, आणि यजमानाने निर्णयाचा काटा किंचित आपल्याकडे झुकता ठेवला. कंपनीची धुरा शिवथाणु पिल्लै यांनी वाहिली. १२ जून २००१ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूर येथे पहिली चाचणी यशस्वी झाली. करारापासून पहिल्या उड्डाणापर्यंत सव्वातीन वर्षे लागली, हे ओनिक्सचा पाया तयार होता म्हणूनच घडले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

४. रचना, आणि थोडा शब्दविचार

येथे आमच्या विषयाकडे वळण्याचा मोह आवरत नाही. हाती धरून मारायचे ते शस्त्र, फेकून मारायचे ते अस्त्र. 'अस्' या धातूचा एक अर्थच फेकणे असा आहे. 'क्षेपण' म्हणजेही फेकणे. म्हणजे 'क्षेपणास्त्र' हा शब्द एकच गोष्ट दोनदा सांगतो. गंमत अशी की अग्नीसारख्या अस्त्राला तो शोभतो, कारण ते गोफणीच्या दगडासारखे असते. आरंभी जोर लावून भिरकावले की पुढचा बराचसा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. क्रूझ जातीचे अस्त्र मात्र फेकलेले नसते. ते विमानासारखे हवेतून, एंजिन चालू ठेवून, वाटेत वळत जाते. त्याला अजून मराठीत सर्वमान्य नाव नाही. 'स्वनातीत' हा शब्द मात्र सुंदर आहे. स्वन म्हणजे ध्वनी. त्याला ओलांडून गेलेले ते स्वनातीत. असे अस्त्र आपल्या आवाजाच्या आधी पोचते.

ब्रह्मोसचा वेग ध्वनीच्या सुमारे २.८ पट आहे. जालना शहरापासून असईचे सरळ रेषेतले अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ते या वेगाने एका मिनिटाच्या आत कापले जाईल. जालन्याहून पुणे पाच मिनिटांच्या आसपास.

हा वेग येतो तो रॅमजेट एंजिनातून. लोहाराच्या भट्टीला भाता लागतो, आणि भाता हलवायला माणूस लागतो. नेहमीच्या जेट एंजिनात भात्याचे काम फिरती पाती करतात. ती हवा आत ओढून दाबतात. रॅमजेटमध्ये अशी पाती नाहीतच. यंत्र इतक्या वेगाने पुढे जात असते की समोरची हवा नाकपुडीतून आत शिरताना आपोआप दाबली जाते. तिच्यात इंधन जळते आणि तप्त वायू मागे फेकला जातो. धावणे हाच भाता. फ्रान्सच्या रने लोरँ याने ही कल्पना १९१३ सालीच मांडली होती. अडचण उघड आहे. जो धावतो आहे त्यालाच ही भट्टी पेटवता येते; जो उभा आहे त्याला नाही.

म्हणून ब्रह्मोसचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा घन इंधनाचा. तो क्षेपणास्त्राला नळकांड्यातून बाहेर काढतो, स्वनातीत वेगापर्यंत नेतो आणि गळून पडतो. त्यानंतर द्रव इंधनावरचे रॅमजेट पेटते. जमिनीवरून वा जहाजावरून सुटणारे ब्रह्मोस ८.४ मीटर लांब आणि ३००० किलो वजनाचे असते. विमानातून सुटणारे सुमारे २५०० किलोचे, कारण विमानाचा वेग आणि उंची यांमुळे पहिल्या टप्प्याचे काम हलके होते. स्फोटकाग्र २०० ते ३०० किलोचे. प्रवासात ते पंधरा किलोमीटर उंचीवर जाऊ शकते आणि शेवटच्या टप्प्यात समुद्रपृष्ठापासून अवघ्या दहा मीटरवर उतरते. पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या खालून येणारी वस्तू जहाजाच्या रडारला सुमारे तीस किलोमीटरवर आल्याखेरीज दिसत नाही. तेथून पुढे प्रतिकाराला जो अवधी उरतो तो मिनिटाहूनही कमी.

आरंभी पल्ला २९० किलोमीटर होता. हा आकडा तंत्राने ठरवला नव्हता, राजकारणाने ठरवला होता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसारावरील १९८७ च्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत ३०० किलोमीटर ही एक सीमारेषा होती. रशिया तिचा सदस्य होता आणि भारत नव्हता. जून २०१६ मध्ये भारत सदस्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये ४०० किलोमीटरहून अधिक पल्ल्याची चाचणी झाली.

५. विक्रोळी, दिघी, ओझर

ब्रह्मोस जालन्यात घडत नाही. आमच्या जिल्ह्याचे लोखंड सळ्यांच्या रूपाने घराघरांच्या स्लॅबमध्ये जाते. परंतु महाराष्ट्राचा नकाशा काढला तर या यंत्राच्या खुणा जागोजागी दिसतात. त्याच्या धातूच्या सांगाड्याचे भाग मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडत आले आहेत. कोलकाता वर्गाच्या ज्या विनाशिकांवर प्रत्येकी सोळा ब्रह्मोस उभ्या नळ्यांत बसवलेली असतात, त्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांपैकी पहिली ऑगस्ट २०१४ मध्ये नौदलात आली. क्षेपणास्त्रांच्या जमिनीवरील प्रक्षेपकांवर पुण्याच्या दिघी येथील प्रयोगशाळेने काम केले आहे.

सर्वांत उत्कंठावर्धक प्रकरण नाशिकजवळच्या ओझरचे. सुखोई-३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे अस्त्र टांगायचे तर विमानाच्या सांगाड्यातच बदल करावे लागतात. हे काम ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झाले. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोई नाशिकच्या आकाशात प्रथम उडाले, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर त्यातून पहिले क्षेपणास्त्र सुटले. टांगणे आणि सोडणे या दोन घटनांत सतरा महिने गेले. या सतरा महिन्यांत जे घडले असेल त्याला आम्ही विद्येचे रुजणे म्हणू.

हे रुजणे सरळ रेषेत झाले नाही. २० जानेवारी २००९ रोजी पोखरणला सुधारित ब्रह्मोसने लक्ष्य चुकवले. दोष शोधला गेला, संगणकीय आज्ञावली दुरुस्त झाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चाचण्या यशस्वी झाल्या. आमच्या मते या कथेतील कळीची घटना हीच आहे. आपल्याच हातून चुकलेले आपल्याच हाताने दुरुस्त करता येणे ही विद्या मुरल्याची खूण. त्यानंतर २२ मार्च २०१८ रोजी भारतीय बनावटीच्या शोधकासह चाचणी झाली. शोधक म्हणजे शेवटच्या टप्प्यात लक्ष्य ओळखणारा डोळा. ३० सप्टेंबर २०२० रोजी पहिल्या टप्प्याचे देशी बूस्टरही वापरले गेले. रॅमजेटचे हृदय मात्र मूळ रशियन विद्येचे आहे. 'संपूर्ण स्वदेशी' ही घोषणा म्हणून खोटी, आणि 'सगळे रशियाचे' हा टोमणाही खोटा. खरे उत्तर भाग मोजून द्यावे लागते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते मोजूनच द्यावे.

६. परत घेण्याची विद्या

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या ब्रह्मास्त्राकडे येऊ. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे सांगण्याची हौस अलीकडे वाढली आहे. त्या हौसेत महाभारताचा अपमान होतो, असे आम्हाला वाटते, कारण त्या महाकाव्याने अस्त्रांविषयी जे खरोखर सांगितले आहे ते झाकले जाते. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताची काडी अभिमंत्रून अस्त्र सोडतो. अर्जुनही सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि दोघांना अस्त्रे आवरायला सांगतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते परत घेता येत नाही. सोडण्याची विद्या त्याला आहे, आवरण्याची नाही. मग ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळते. अस्त्राचा वेग वा पल्ला यांत व्यासांना फारसे स्वारस्य नाही. त्यांना स्वारस्य आहे ते सोडणाऱ्याच्या अधिकारात.

९ मार्च २०२२ रोजी भारताकडून एक ब्रह्मोस चुकून सुटले आणि काही मिनिटांत पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. जीवितहानी झाली नाही. दोन दिवसांनी भारताने खेद व्यक्त केला; ऑगस्टमध्ये चौकशीअंती तीन अधिकाऱ्यांना ठरलेली कार्यपद्धती मोडल्याबद्दल सेवेतून काढण्यात आले. या अस्त्राचे वर्णन 'सोडले की विसरले तरी चालेल' असे केले जाते, कारण आपले लक्ष्य ते स्वतः शोधते. त्या दिवशी तो गुण किती भयंकर आहे ते कळले. दोन अण्वस्त्रधारी देशांमधील शांतता त्या संध्याकाळी यंत्राने राखली नाही. पलीकडच्या माणसांनी तत्काळ उलट सोडले नाही, म्हणून ती राहिली.

मे २०२५ च्या संघर्षात ब्रह्मोस प्रत्यक्ष वापरले गेल्याचे भारतीय नेतृत्वाने जाहीरपणे सांगितले. फिलिपीन्सशी जानेवारी २०२२ मध्ये विक्रीचा करार झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप तिकडे गेली. म्हणजे आता आपण या विद्येचे विक्रेतेही आहोत. आग्र्याच्या ओतशाळेपासून येथवर आलो याचा अभिमान आम्हाला नाही असे नाही. विक्रोळीच्या यंत्रशाळेत धातूचा शेवटचा कण मोजणारा कामगार आम्हाला असईच्या त्या निनावी गोलंदाजाचा वारस वाटतो, आणि या वेळी वरची विद्याही बऱ्याच अंशी त्याच्या देशाच्या हाती आहे, याचे समाधानही वाटते. पण ज्या देशाच्या हाती विद्या आली त्याच्यावर ती आवरण्याचे उत्तरदायित्वही येते; उसन्या विद्येबरोबर ते दुसऱ्याकडे ढकलता येत असे.

गेल्या सप्टेंबरात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन असईला गेलो होतो. केळनेला पाणी होते, दोन्ही काठांवर मका आणि कपाशी उभी होती. वेलस्लीने केलेले अनुमान एका विद्यार्थिनीने मोठ्याने सांगितले, तेव्हा शेजारी बैल धूत असलेले आजोबा हसले. म्हणाले, "उतार तर हायेच की. त्याबिगर सोयरीक कशी जुळंल?" वेलस्लीने जो उतार तोफा नेण्यासाठी हेरला, तो मुळात सोयरिकीसाठी होता. परतताना गाडीत ब्रह्मास्त्राचा प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, अर्जुनाला परत घ्यायला कोणी शिकवलं होतं?" त्या प्रश्नावर पुढचा तास घ्यायचा असे आम्ही ठरवले आहे.